आग्नेय एअरलाइन्सची खोटी बखर

टेबलावर तीस चित्रं होती. प्राणी सहा, भांडीकुंडी सात, कपडे चार, फळं पाच, वाहनं पाच आणि कुठल्याच गटात न बसणारी तीन : चंद्र, शिडी, कुलूप. थेरपिस्ट बाई गठ्ठ्यातून एकेक चित्र काढून दादासमोर उभं धरत होत्या. त्याला चार आली. उरलेल्या सव्विसांपैकी एकोणीस वेळा तो गप्प राहिला, सहा वेळा "हो, हो" म्हणाला, आणि एकदा, विमानाचं चित्र समोर आल्यावर, स्वच्छ आवाजात "चारशे सात" म्हणाला. बाईंनी कागदावर फुली मारली. "आकडे येतात असे मधेच," त्या भिंतीकडच्या खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, "आपोआप येतात. त्यांना अर्थ नसतो." वहिनीनं मान डोलावली. शेजारी बसलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या मात्र मानेपासून कण्यापर्यंत काहीतरी सरकत गेलं, थंड चमचा पाठीला लावावा तसं. कारण उत्तर बरोबर होतं. त्या खोलीत ते बरोबर आहे हे माहीत असलेली माणसं दोनच, आणि त्यांतल्या एकाला ते सांगता येत नव्हतं.

पण लगेच तिनं स्वतःवरच शंका घेतली. सवयच तशी होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यापासून ती एका गोष्टीला भीत आली होती : आपल्याला हवं तेच यंत्राच्या काट्यात दिसण्याला. म्हणून दर वेळी ती आधी निव्वळ शुद्ध पाण्याची बाटली यंत्राला लावी. त्यात काहीच नसतं. तरीही काटा हलला, तर समजायचं की यंत्र खोटं बोलतंय. आता तिला वाटलं, यंत्र आपण आहोत. भावाच्या तोंडून सुटा आकडा पडला आणि आपण लगेच त्याच्याभोवती घर बांधायला निघालो. बाई पुढचं सांगत होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, तिथलं बोलण्याचं केंद्र दुखावलं; समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. एक मिनिट मनानं बोलायचं. पाठ असलेलं धरणार नाही. आकडे, वार, प्रार्थना, गाणी, काही नाही. तोच शब्द पुन्हा आला तर एकदाच मोजायचा, माणसांची किंवा जागांची नावं सोडून द्यायची. बारा शब्द आले तर इथली जागा पुढे चालू. नाही आले तर महिन्यातून एकदा भेट आणि बाकी घरी सराव. "बाहेर रांग आहे हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच ओशाळलेपण होतं. "ज्याला उपयोग होतोय त्याला जागा द्यावी लागते." आज तर चित्रं समोर असूनही चारच आले होते. वहिनीनं विचारलं, "आणि घरच्या सरावानं होतं का काही?" बाईंनी चित्रांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला. पुष्कळ वेळ केला.

दादाचं पोट बोलण्यावर होतं. औषध कंपनीची बॅग घेऊन तो डॉक्टरांच्या दारात बसायचा आणि आत गेल्यावर मिळालेल्या दीड मिनिटात सर्दीच्या गोळीची अशी काही वंशावळ सांगायचा की डॉक्टर हसून चिठ्ठीवर तीच गोळी लिहीत. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिथंही हा प्रथम चष्मा करायला गेला आणि फळ्यावरची अक्षरं वाचायच्या ऐवजी प्रत्येक ओळीवर टीका करत बसला. "याची तिसऱ्या ओळीपुढे मजलच गेली नाही, शेवटी मीच म्हटलं, लग्न कर पण नंबर सांग," असं वहिनी सगळ्यांना सांगायची. आता ती ते सांगत नसे. आता घरात दोन माणसांचे आवाज होते आणि तिसरं माणूस त्या आवाजांकडे, नळाखाली भांडं लावून बसावं तसं, कान लावून बसलेलं असे. परतताना बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि ती त्याच्या मागच्या सीटवर. मानेवरचे केस वाढले होते. त्या मानेकडे बघताना तिला एकदम वेताच्या खुर्चीची पाठ दिसली आणि पाठीवरचा पांढऱ्या रंगातला आकडा.

कुठल्यातरी कचेरीच्या लिलावातून वडिलांनी चार खुर्च्या आणल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर आकडा होता, आणि त्यांतली चारशे सात सोडून सगळ्या कुरकुरत. म्हणून ती विमान झाली. दादा अकरा वर्षांचा, ती पाच. दुपारी गॅलरीत खुर्ची लावायची, मागे स्टुलावर तिनं बसायचं. गॅलरी आग्नेयेला होती, म्हणून कंपनीचं नाव आग्नेय एअरलाइन्स. आई म्हणाली होती, "आग्नेय म्हणजे आगीचं! विमानाला असलं नाव ठेवतात का रे? कोण बसेल त्यात?" दादा म्हणाला, "तू बसशील." आणि आई भाजीचं ताट घेऊन बसली देखील, कंपनीची पहिली आणि बरेच महिने एकमेव प्रवासी. पण विमान जाणार कुठं? नकाशा वर होता. आतल्या खोलीचं छत ओलीनं फुगलं होतं, त्याला पोपडे आले होते, चिरा पडल्या होत्या, आणि खोलीच्या मधोमध, कुठल्यातरी आधीच्या भाडेकरूचा, काहीच न टांगलेला खिळा होता. दुपारी जमिनीवर उताणं पडून दोघांनी त्या जगाला नावं दिली. मोठ्या ओलीला ओलकोट. लांब चीर दोन डागांच्या मधून जायची तिथं चिरेबंदर. कोपऱ्यात जळमट बेटं, तिथं विमान हिवाळ्यातच जायचं, कारण एरवी आई झाडू फिरवायची. खिळा म्हणजे राजधानी. तिच्याकडे खातं होतं वजनाचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती प्रत्येक सामान तोलायची, अगदी कॅप्टनचा, म्हणजे दादाचा, भोवरासुद्धा, आणि किलोभरापेक्षा जास्त काही चढू द्यायची नाही. म्हणून दादा तिला टाचणी म्हणायला लागला. अंगानं बारीक म्हणून नव्हे, सगळीकडे टोचते म्हणून.

चाचणीहून परतल्यावर त्या संध्याकाळी वहिनी कपडे घड्या करत होती आणि दादा पलंगावर भिंतीला टेकून बसला होता तेव्हा टाचणीनं वहिनीला सगळं सांगितलं. वहिनीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "म्हणजे बत्तीस वर्षांच्या बाप्यानं आता खुर्ची-विमान खेळायचं?" "खेळायचं नाही. बोलायचं." "त्या बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना? पाठ असलेलं चालत नाही. तुमची ती बेटं नि बंदरं त्याला पाठच असणार. शिवाय," वहिनीचा आवाज खाली आला, "तो आहे समोर. नवरा आहे माझा. प्रयोगशाळेतली बाटली नाही." ते बरोबरच होतं आणि वर्मी लागलं. दादानं दोघींकडे पाहिलं, मग हात वर करून छताकडे बोट दाखवलं. या घराचं छत गुळगुळीत होतं. मधे पंखा, बाकी काही नाही. वहिनीनं वर पाहिलं, पंखा चालू आहे का ते पाहिलं, आणि म्हणाली, "काय हवंय? पंखा?" तो "हो, हो" म्हणाला आणि हात खाली घेतला. टाचणीला झोप लागली नाही असं नाही. लागली, पण सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट मनात होती ती ही, की त्याला पंखा नको होता आणि हे सिद्ध करता येत नाही.

सिद्ध करायचं ठरलं की तिला बरं वाटे. हट्ट म्हणा, खोड म्हणा. वहिनीचा मुद्दा तिनं बाटलीसारखा उजेडात धरून पाहिला. पाठ असलेलं म्हणवून घेतलं तर काटा हलेल, पण यंत्र खोटं. म्हणजे जे पाठ असणं शक्यच नाही ते त्याच्याकडून यायला हवं. जे कधी घडलंच नाही ते. आणि ते मागून मिळणार नव्हतं. "बोल ना, बोल ना" म्हटलं की त्याचं तोंड कुलुपासारखं बसायचं, हे दोघींनी महिनाभर पाहिलं होतं. पण एक आठवण होती. लहानपणी दादाला गप्प बसवायचा एकही उपाय नव्हता, बोलायला लावायचा मात्र हमखास उपाय होता : चुकीचं बोलायचं. "खिळ्याला रेल्वे जाते," असं ती म्हणे, मुद्दाम, आणि तो जेवणावरून उठून यायचा. तेव्हा तिनं ठरवलं, आग्नेय एअरलाइन्सचा इतिहास सांगायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि सगळा चुकीचा.

रोज कामावरून आल्यावर, हातपाय धुऊन, ती पलंगासमोर स्टूल ओढून बसू लागली. "कंपनी काढली वडिलांनी," ती सुरू करी. "पहिलं विमान आरामखुर्चीचं होतं. प्रवासी भाडं रोख घेत. मुख्य कचेरी मोरीत होती." आवाज बातम्या देतात तसा, चेहरा दगडी. पहिले काही दिवस दादा नुसता बघत राहिला. मग त्याच्या भुवया हलायला लागल्या. मग डावा हात, नकाराचा, माशी हाकलावी तसा. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघे आणि आत जाई. भांडी जरा जास्तच वाजत. एकदा ती म्हणाली, "थट्टा चालली आहे त्याची, दुसरं काही नाही. मुकाट सहन करतोय म्हणून." टाचणी म्हणाली, "सहन कुठं करतोय? चिडतोय." "मग?" "मग चिडू दे." आणि म्हणताना तिला भीती वाटली. चिडणं म्हणजे बोलणं नव्हे. कदाचित आपण एका आजारी माणसाला रोज नेमानं टोचतो आहोत आणि त्याला उपचार म्हणतो आहोत. नावाला जागतो आहोत, इतकंच. प्रयोगशाळेत त्या दिवसांत तिच्या हातून नमुने अदलाबदल झाले, जे कधी झालं नव्हतं, आणि साहेब म्हणाले, "लक्ष कुठंय? विमानात?" म्हणायची पद्धत, दुसरं काय. ती दचकली. तरी संध्याकाळी स्टूल ओढलं. त्या दिवशी चिरेबंदरचा अपघात आला. खरा अपघात असा, की चारशे सातचा मागचा पाय मोडला आणि दादा, आई आणि भाजीचं ताट तिन्ही आडवी झाली. चौकशी समिती नेमली, तिनं आईच्या वजनाला दोष दिला आणि आईनं समितीला दोन धपाटे घातले. टाचणीनं सांगितलं, "चौकशीत कॅप्टन दोषी निघाला. झोपला होता." दादाचा चेहरा लाल झाला. ओठ एकमेकांवर दाबले गेले, सुटले, पुन्हा दाबले गेले. मानेची शीर दिसली. आणि मग, दार कुठं आहे ते अंधारात चाचपून सापडावं तसं, तो म्हणाला, "आई." थांबला. "जाड."

स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली. "काय म्हणाला?" टाचणीला हसू आवरेना आणि रडूही. पण डोक्यातला शहाणा कोपरा म्हणत होता, हे तेव्हाचंच आहे, आठवणीतलं, हे धरता येणार नाही. वहिनीनं मात्र हात पदराला पुसले आणि दुसरं स्टूल आणलं. "मला पण घ्या," ती म्हणाली. "तिकीट कुठं मिळतं?" दादानं तिच्याकडे असं पाहिलं, की टाचणीला आपण उगाच खोलीत आहोत असं वाटलं. मग वहिनी म्हणाली, "आणि हो, कॅप्टन, माझी बॅग हरवली आहे तुमच्या विमानात. गेल्या वेळी. मोठी बॅग, निळी. कोण भरून देणार?" ही बॅग कुठंच नव्हती, कधीच नव्हती. दादानं डोळे मिटले. शब्द शोधताना तो डोळे मिटायचा. "वजन," तो म्हणाला. "वजन... जास्त." वहिनी म्हणाली, "बॅगेचं की माझं?" पंखा फिरत होता. "दोन्ही," दादा म्हणाला, आणि घरात कितीतरी आठवड्यांनी त्याच्या हसण्याचा आवाज आला, जरा वाकडा, एका बाजूनं, पण त्याचाच. वहिनीनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली आणि मग तो गुडघा सोडलाच नाही.

तेव्हापासून दोघी पाळी लावून खोटं बोलू लागल्या. वहिनी दुकानातून घरी येताना बसमध्ये तक्रारी जुळवून आणी; तिला त्यात गती निघाली. विमानात खिडकीची काच धूसर आहे, कॅप्टनला जवळचं दिसत नाही, नंबर वाढलाय. सगळं सरळ चढत गेलं असं मात्र झालं नाही. मधे एक आठवडा पूर्ण कोरडा गेला. "हो, हो" देखील नाही. चुकीचं बोललं तरी तो भिंतीकडे तोंड करून निजायचा, आणि एकदा त्यानं पाण्याचा पेला ढकलून दिला. वहिनी काचा वेचताना म्हणाली, "पुरे आता. महिन्यातून एकदा तर एकदा, जाऊ तिथं. माणूस तरी शिल्लक राहील." टाचणी उठली. फडकं आणलं, पाणी पुसलं, आणि पुसता पुसता, जमिनीवर गुडघे टेकून, तिनं कंपनीचा शेवट सांगायला घेतला. तो तिनं राखून ठेवला होता, कारण त्याला हात लावायची तिची स्वतःचीच तयारी नव्हती. ती आठ वर्षांची असताना घरमालकानं रंगारी पाठवला. शाळेतून आली तेव्हा खोलीत चुन्याचा वास होता, सामान मधे चादरीखाली, आणि छत पांढरं. ओलकोट नाही, चिरेबंदर नाही. खिळासुद्धा उपटला होता, भोक चुन्यानं बुजवलं होतं. रंगारी शिडीवरून उतरत म्हणाला होता, "बघ कसं नव्यासारखं केलं." दादा त्या दिवशी मित्रांकडून उशिरा आला, वर पाहिलं, आणि खुर्ची गॅलरीतून आत आणून जेवणाच्या टेबलाला लावली. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. आवाज फुटला होता. त्यानंतर कंपनीचा विषय घरात निघाला नाही. त्याला वाईट वाटलं की नाही, हे तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं. "तर रंग दिल्यावर," जमिनीकडे बघत ती म्हणाली, बातम्यांचा आवाज तिला जमेना, "कंपनी विकली. भंगारात. सगळी."

"नाही."

तो भिंतीकडून वळला होता. कोपरावर उठत होता; उजवा हात साथ देत नव्हता, तरी उठत होता. वहिनी पुढे झाली तर त्यानं तिला डाव्या हातानं अडवलं. "विकली... नाही." "मग काय केलं?" टाचणीनं विचारलं. हा प्रश्न तिनं ठरवलेला नव्हता. डोळे मिटलेले. जबडा हलतोय, आवाज नाही. तिला त्याच्या जिभेवर येऊन परत जाणारे शब्द जवळजवळ दिसत होते, आणि एखादा पटकन पुढे करावा असं तिला वाटत होतं. तिनं फडकं मुठीत आवळलं. "ल... लपली," दादा म्हणाला. "कुठं?" "खाली." त्यानं छताकडे बोट केलं. वहिनी म्हणाली, "वर ना? वर दाखवतोयस, खाली म्हणतोयस." "खाली," तो चिडून म्हणाला, आणि मग एकेक अक्षर टेकू लावून उभं केल्यासारखं : "रंगा... खाली."

हे तो चौदाव्या वर्षी म्हणाला नव्हता. तिला खात्री होती. म्हणाला असता तर पुढची अठरा वर्षं तिनं प्रत्येक पांढऱ्या छताकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं. किंवा मनात म्हणाला असेल. तेव्हा पाठ करून ठेवलं असेल. ते कसं तपासणार? तपासता येत नाही, आणि तरीही ते खरं असू शकतं, हे तिला त्या ओल्या फरशीवर बसून मान्य करावं लागलं. बरं वाटलं नाही, पण करावं लागलं. वहिनीनं काचांचं सूप कोपऱ्यात ठेवलं. "उद्यापासून," ती म्हणाली, "चुकीचं बोलायचं नाही. नुसतं विचारायचं. आता कुठं उडतंय ते."

चाचणीच्या दिवशी बाईंनी दोघींना भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसवलं आणि बजावलं, खूण नाही, ओठ हलवायचे नाहीत. टाचणीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. वहिनीनं पर्स छातीशी धरली होती. "एक मिनिट," बाई म्हणाल्या. "काहीही. मनातलं." घड्याळाचं बटण दाबलं. दादा बसून राहिला. बाहेरच्या बाकावर रांगेतलं कुणीतरी खोकलं. वहिनीची पर्स चरचरली. टाचणीला वाटलं, आता "हो, हो" येणार, आणि आलं तर काय करायचं ते तिचं ठरलेलं होतं : घरी जायचं, स्टूल ओढायचं. त्यानं डोळे मिटले.

"आग्नेय," तो म्हणाला. "विकली... नाही. आता... नवीन." श्वास घेतला. "बायको... चालवते." वहिनीनं चमकून पाहिलं, हे घरी कधी झालं नव्हतं. "मी... मागे. खिडकी." बाईंची पेन्सिल कागदावर टिंब टिंब करत होती. "छत... नाही. छत नाही." हात वर गेला, डावा, पंजा उघडा. "वर... वर मोकळं." मग त्यानं डोळे उघडले, सरळ भिंतीकडच्या खुर्चीकडे पाहिलं, जिथं मांडीखालून डोकावणारी बोटं एकामागून एक दाबली जात होती, आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "टाचणी... मोजू नको."

घड्याळ वाजलं. बाईंनी टिंबं पुन्हा एकदा वरपासून पेन्सिलीच्या टोकानं मोजली, आणि मग तिसऱ्यांदा.

"वीस," त्या म्हणाल्या. "पुन्हा आलेले चार गेले. नावं दोन गेली."

त्यांनी कागदावर लिहिलं : चौदा.